जाम टाइट केलंय मॅडम

"जाम टाइट केलंय मॅडम, आता हलायचं नाय." गॅरेजात हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळाच येतो. पोरगा बिचारा शाबासकीच्या अपेक्षेने बघत असतो आणि मला दिसत असतं की पुढच्या वेळी हा नट सोडवताना कुणाची तरी बोटं सोलवटणार आहेत. नट आवळणं म्हणजे ताकदीचं काम, जेवढा पिळाल तेवढं काम पक्कं, हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलंय की नट नीट बसल्यावर सुद्धा वरून दात-ओठ खाऊन एक हिसका दिल्याशिवाय कुणाला चैनच पडत नाही. आणि वाट लावतो तो हाच.

माझ्या पप्पांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटंसं वर्कशॉप होतं, त्यामुळे पाने-पक्कड हे आमच्या घरी भांड्याकुंड्यांसारखंच पडलेलं असायचं. पप्पांचा नियम एकच, फिक्स पाना सगळ्यात शेवटी उचलायचा. आधी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, गोटी जात नसेल तर रिंग पाना, आणि अगदीच जागा नसेल तर फिक्स. कारण साधं आहे, फिक्स पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो, जोर लावला की तोंड किंचित फाकतं, पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल. रिंग नटाला सगळ्या बाजूंनी धरते. एकदा कोपरे गेले की मग छिन्नी हातोडी, नाहीतर पाईप पाना, नाहीतर वेल्डिंगवाला, म्हणजे दहा रुपयांच्या नटासाठी अर्धा दिवस.

त्यात आपल्याकडे साइजचा घोळ आहेच. 8 एमएमच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीच्या गाड्यांना 12 चं असतं आणि युरोपियन पद्धतीत 13 चं. आपल्या रस्त्यावर दोन्ही घराण्यातल्या गाड्या, आणि पाना मिळतो तो एका तोंडाला 12 दुसऱ्या तोंडाला 13 असा, मग घाईत 12 च्या नटाला 13 चं तोंड लागतं, थोडं लूज वाटतं पण "चालतंय की" म्हणून जोर मारला जातो. नाही चालत.

आता माझी खरी तक्रार. हायवेवर पंक्चर काढताना हल्ली सगळीकडे हवेवरची गन असते, कर्रर्र करून चारही नट पाच सेकंदात बसवून मोकळे. मग पुढच्या वेळी खंबाटकीच्या अलीकडे टायर बसला, कंपनीने दिलेला तो एल पाना काढला आणि नट हलेचना. शेवटी पान्यावर चढून उभी राहिले, तरी नाही. नंतर घरी येऊन हिशोब केला, पाना साधारण 30 सेंटीमीटर, माझं वजन साठ किलो, म्हणजे टोकावर उभं राहिल्यावर जवळजवळ 175 न्यूटन मीटरचा पीळ पडतो. लहान कारच्या चाकाच्या नटाला लागतो साधारण शंभराच्या आसपास! थोडा हिशोब गंजाचाही धरू, पण बाकीचं सगळं त्या गनचं. शेवटी एक ट्रकवाले काका थांबले, त्यांच्याकडे मीटरभर लांबीचा पाईप होता, तो पान्यावर चढवला आणि नट कट् करून सुटला. काका म्हणाले, "पोरी, हाताने आवळून घेत जा, गनवाल्याचं काय जातंय."

बोल्ट काम कसा करतो हे कुणी शाळेत सांगत नाही म्हणून हा सगळा गोंधळ. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, अगदी केसाएवढा, पण ताणला जातो. त्याला परत आखडायचं असतं, आणि त्या ओढीने तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. म्हणजे बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. मजा अशी की तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो, ताणायला उरतात दहा टक्के. म्हणून आट्यांना गंज असेल तर हाताला वाटतं टाइट झालं आणि आत बोल्ट ढिलाच, आणि उलट आट्यांना ऑइल लावलं की तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. मर्यादेबाहेर ताणला की स्प्रिंग मेली, तो परत आखडत नाही, तसाच लांबलेला राहतो आणि मग एक दिवस खड्ड्यात तुटतो. लोक म्हणतात मटेरियल हलकं होतं.

अॅल्युमिनियममध्ये तर आणखी वाईट. बाईकचं इंजिन ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट असतो ना, त्याला बऱ्याच गाड्यांना 25-30 न्यूटन मीटर पुरतात. 30 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला हा फक्त दहा किलोच्या आसपासचा जोर झाला, एका हाताने बसल्या बसल्या होतो. पण तिथेही पाय रोवून पिळतात. बोल्ट लोखंडी, भोक अॅल्युमिनियमचं, मग जिंकणार कोण? आधी पाना मस्त जड लागतो, मग अचानक हलका होतो, लोण्यासारखा फिरतो, आणि बोल्ट बाहेर काढला की त्याच्या आट्यात चांदीसारखी चकचकीत स्प्रिंग गुंडाळलेली दिसते. त्या स्प्रिंगला म्हणतात "आटे गेले". मग टॅप मारून मोठ्या मापाचे नवे आटे पाडा, नाहीतर भोकात बुश, म्हणजे आट्यांची नळी, बसवा, आणि हे सगळं इंजिनाखाली उताणं झोपून.

यावर उपाय आहे तो टॉर्क रेंच. दांड्यावर आकडा सेट करायचा, शांतपणे ओढायचं, कट् असा आवाज आला की थांबायचं. बस. मला तर हे यंत्र अजून एका कारणासाठी आवडतं, यात बाई-पुरुष, पैलवान-किडकिडीत असा काही भेद राहत नाही, "मॅडम तुम्ही सोडा, तुमच्याच्यानं नाय होणार" हे ऐकावं लागत नाही. दोन पथ्यं मात्र आहेत. जाम झालेला नट सोडवायला तो वापरायचा नाही, आणि काम झालं की आकडा खाली उतरवून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ढिली पडते.

टॉर्क रेंच जवळ न ठेवल्याचा सगळ्यात महागडा किस्सा अमेरिकेतला आहे. सप्टेंबर 1980, अर्कान्सा राज्य, दमास्कस गावाजवळ टायटन टू क्षेपणास्त्राचं जमिनीखालचं कोठार. देखभालीला उतरलेल्या पोरांचा टॉर्क रेंच वर गाडीत राहिला, परत कोण जातंय म्हणून रॅचेटवर, म्हणजे गोटी फिरवायच्या साध्या दांड्यावर, काम सुरू केलं. त्याची साडेतीन किलोहून जड गोटी निसटली, सुमारे 80 फूट खाली गेली, आपटून उडाली आणि क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीला भोक. पहाटे स्फोट झाला, एक जवान गेला, बरेच जखमी झाले आणि टोकावरचा अणुबॉम्ब कोठाराबाहेर जाऊन पडला. तो फुटला नाही म्हणून निभावलं.

असो. आता मी पंक्चरवाल्याला स्पष्ट सांगते, गन फक्त नट टेकेपर्यंत, पुढचं मी करते. हसतात, हसू देत. नट चांदणीसारखे आवळते, म्हणजे एक झाला की त्याच्या समोरचा, शेजारचा नाही, नाहीतर चाक एका बाजूने बसतं. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा रेंच लावून बघते.

आणि हो, एक राहिलंच, सगळे नट उजवीकडेच आवळतात असं समजू नका. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, बऱ्याच यामाहा गाड्यांचा उजवा आरसा पण. पेडल सुटत नाही म्हणून पाईप शोधायच्या आधी आपण ते सोडतोय की आवळतोय हे एकदा बघून घ्या.