हौदा लहान, गाडी मोठी

पिकअप गाडीचे मोठेपण कशाने मोजायचे, हा प्रश्न आमच्या व्यवसायात कधी वादाचा नव्हता. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात टेम्पो आणि पिकअपचे हौदे बांधण्याचे काम आमच्या घरात वडिलांपासून चालत आले आहे. गाडी दारात येऊन उभी राहिली की टेप आधी हौद्यालाच लागते. लांबी किती, रुंदी किती, बाजूच्या फळ्या किती उंच, मागचा फाळका (उघडणारी फळी) पुरता खाली पडतो की नाही आणि हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे, एवढे कळले की गाडी कोणत्या कामाची आहे हे कळते. बोनेट किती उंच आहे, समोरची जाळी किती रुंद आहे, हे विचारण्याचे कारणच पडत नसे.

गेल्या काही वर्षांत नागाळा पार्क, ताराबाई पार्क, राजारामपुरी या भागांत चार दारांच्या, उंच नाकाच्या पिकअप दिसू लागल्या आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून आणि टोयोटाची हायलक्स 2022 पासून आपल्याकडे मिळते. दोन्ही गाड्यांच्या चॅसीखाली वाकून मी त्यांचे काम पाहिले आहे आणि ते उत्तम आहे, त्यामुळे माझी तक्रार त्यांच्या दर्जाबद्दल नाही. माझे म्हणणे असे आहे की ज्या वाढीतून हौद्याच्या वाट्याला काही येत नाही ती वाढ कामाची नव्हे, आणि तिची किंमत गाडीच्या मालकापेक्षा रस्त्यावरची इतर माणसे जास्त मोजतात.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. हायलक्सची एकूण लांबी 5.3 मीटरच्या पुढे आणि रुंदी 1.85 मीटर आहे; तिच्या हौद्याची लांबी मात्र दीड मीटरच्या आसपास भरते. 2005 साली टाटांनी आणलेला एस, ज्याला अवघा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो, तो सगळा मिळून 3.8 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होता, आणि त्याचा हौदा सुमारे 2.2 मीटरचा होता. दोन सिलिंडरच्या, 700 सीसीच्या, 16 अश्वशक्तीच्या इंजिनावर तो पाऊण टन माल वाहत असे. जपानमध्ये तर केई वर्गातल्या गाडीला 3.4 मीटर लांबी, 1.48 मीटर रुंदी आणि 660 सीसी इंजिन अशी कायद्याचीच मर्यादा आहे, तरी तिथल्या केई ट्रकचा हौदा 1.9 मीटरपेक्षा लांब असतो. याच्या शेजारी अमेरिकेतली फोर्ड एफ-150 ठेवून पाहावी. चार दारे आणि साडेपाच फुटी हौदा असलेल्या तिच्या प्रकाराची लांबी जवळजवळ 5.9 मीटर होते आणि आरसे सोडून रुंदी दोन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे अडीच मीटर जादा लांबीच्या गाडीत केई ट्रकपेक्षा आखूड हौदा मिळतो. त्या गाडीत पाच माणसे आरामात बसतात आणि मागे जड ट्रेलर ओढता येतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण ट्रेलर रोज ओढला जात नाही, आणि नाकाची उंची मात्र रोज रस्त्यावर असते.

ही वाढ लोकांच्या हौसेतून आपोआप झाली, असे अनेक जण समजतात. हौस आहेच, पण तिला कायद्यांनी वाट करून दिली, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, तिला उत्तर म्हणून अमेरिकेने 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात लावली. त्या वेळच्या इतर वस्तूंवरची जकात पुढे उतरली, ट्रकवरची राहिली. त्यामुळे बाहेरच्या छोट्या, स्वस्त पिकअपना तिथला बाजार अवघड झाला आणि देशी कंपन्यांना आपल्याला हव्या त्या आकाराची पिकअप विकण्याची मोकळीक मिळाली. मग 1975 साली इंधन बचतीचा कायदा आला आणि त्यात मोटारींपेक्षा हलक्या ट्रकना सैल निकष मिळाले. पुढे 2011 च्या मॉडेलपासून ते निकष गाडीच्या पायठशाशी, म्हणजे दोन आसांमधले अंतर आणि दोन चाकांमधली रुंदी यांच्या गुणाकाराशी जोडले गेले. पायठसा जितका मोठा तितकी इंधनाची अट सैल. छोटी पिकअप बनवणाऱ्याला कठीण परीक्षा आणि मोठी बनवणाऱ्याला सोपी, अशी ही रचना आहे. शिवाय मालासह एकूण वजनाची मर्यादा 6,000 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 2,720 किलोंपेक्षा, जास्त असलेल्या गाडीवर व्यावसायिकांना आयकरात मिळणारी सवलत वेगळीच. इतक्या बाजूंनी मोठेपणाला बक्षीस मिळत असेल, तर कारखानदार छोटी गाडी कशाला काढील?

छोट्या पिकअपला गिऱ्हाईक नाही, हे म्हणणेही टिकत नाही. फोर्डने मॅव्हरिक नावाची त्यामानाने आटोपशीर पिकअप 2021 मध्ये आणली, तेव्हा तिच्या हायब्रिड प्रकाराला इतकी मागणी आली की जानेवारी 2022 मध्ये त्या वर्षापुरत्या नव्या मागण्या घेणे कंपनीला थांबवावे लागले.

आता नाकाच्या उंचीकडे येतो. कमी उंचीच्या, उतरत्या बोनेटची मोटार माणसाला धडकते तेव्हा तिचा मार पायांवर बसतो आणि माणूस बहुधा बोनेटवर पडतो. इजा होते, पण जगण्याची शक्यता राहते. उभ्या, उंच नाकाची गाडी तीच धडक कमरेच्या वर, छातीवर देते. मूल असेल तर डोक्यावर देते. माणूस बोनेटवर न येता पुढे फेकला जातो आणि चाकाखाली येण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेने 2023 साली सुमारे 18 हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 40 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा, उंच नाकाच्या गाड्यांनी पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात आढळले. त्या देशात 2009 साली सुमारे 4,100 पादचारी मेले होते. 2022 मध्ये तो आकडा 7,500 च्या वर गेला. सगळा दोष गाड्यांच्या आकाराचा नाही, वेग आणि रस्त्यांची रचना ही कारणेही त्यात आहेत. तरीही 45 टक्के ही संख्या बाजूला सारता येण्यासारखी नाही.

आपल्याकडे 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि त्यांपैकी 32,825 पादचारी होते. ही स्थिती उंच पिकअप फारशा नसतानाची आहे. महाद्वार रोडवर किंवा बिनखांबी गणेश मंदिराजवळ सणासुदीला उभे राहून पाहावे : अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसे, हात सोडून पळणारी मुले, भाजीच्या पाट्या, दुचाकी, सगळे एकाच पृष्ठभागावर चालते. त्या गर्दीत चालकाला बोनेटच्या पुढचे पाच वर्षांचे मूल दिसणार नसेल, तर त्या गाडीला त्या रस्त्यावर जागा नाही, असे मी स्पष्ट म्हणतो. काही जण कॅमेऱ्याचा दाखला देतात. कॅमेरा मदत करतो, पण चालकाची नजर पडद्यावर असेल तेव्हाच.

या उंचीत गिऱ्हाईक स्वतः भर घालते, याचे मला जास्त वाईट वाटते. गाडी घेतल्यावर काही तरुण पुढे पोलादी गार्ड बसवायला आणि सस्पेन्शन उचलून घ्यायला कारखान्यात येतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध असल्याचे राज्यांना कळवून कारवाई करायला सांगितले आहे. धडकेत चेपून जोर शोषून घ्यावा म्हणून कंपनीने गाडीचा पुढचा भाग तसा घडवलेला असतो. त्याच्यापुढे दोन इंची नळीची चौकट ठोकली की तो जोर समोरच्या माणसाच्या हाडांत जातो आणि उरलेला थेट चॅसीत येतो. एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. असे काम मी घेत नाही. येणारा मुलगा ओळखीच्या घरातला असला तर त्याच्या वडिलांनाही कळवतो.

महापुराचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे ऐकतो, कारण तो खरा आहे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, वाहतूक बंद पडली, आणि तेव्हापासून उंच गाडी असलेली बरी, असे पुष्कळांना वाटते. पण त्या दिवसांत महामार्गावर अवजड ट्रकच्याही रांगा थांबून होत्या आणि माणसे बाहेर काढली ती बोटींनी. जिथे ट्रक जात नाही तिथे पिकअप घालू नये. गगनबावडा, राधानगरी, चंदगड भागांत पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने शेतावर रोज जाणाऱ्याला चारही चाकांना ताकद देणारी गाडी लागते, आणि त्याने ती जरूर घ्यावी. तिथेही उपयोगाला येते ती चाकांची पकड आणि पोटाखालची मोकळी जागा. नाक छातीएवढे असण्याने चिखलात काही फरक पडत नाही.

आपल्या कामाच्या पिकअपही मोठ्या होत आहेत, हे मी नाकारत नाही. आमचा धंदाच त्यावर चालतो. 2022 मध्ये टाटांनी दोन टन वाहणारी योद्धा आणली. 2023 मध्ये महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये 3.05 मीटरचा हौदा आणि दोन टनांपर्यंत भारक्षमता आली. ही वाढ वेगळी आहे, कारण ती हौद्यात गेली आहे. शाहू मार्केट यार्डातून गूळ किंवा गावाकडून भाजी घेऊन निघणाऱ्याच्या दोन फेऱ्यांच्या जागी एक फेरी झाली की डिझेल वाचते, चालकाची रात्र वाचते आणि रस्त्यावरची एक गाडी कमी होते. तरी तिलाही मर्यादा आहे. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातल्या अरुंद गल्लीत ही गाडी वळताना मागचा-पुढचा सगळा रस्ता अडतो, म्हणून शेवटचा टप्पा आजही छोटा हत्तीच करतो. शिवाय चाके मोठी झाली, स्प्रिंगचे पाटे जाड झाले की हौद्याचा तळ वर जातो. पन्नास किलोचे साखरेचे पोते मांडीच्या उंचीवर ठेवणे आणि तेच छातीपर्यंत उचलणे यात हमालाच्या कमरेचा आणि खांद्याचा जो फरक पडतो, तो कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो. गाडीची निवड करताना मालकाने एकदा आपल्या हमालाला शोरूममध्ये बरोबर न्यावे, असा आग्रह मी धरतो. ज्यांनी तो मानला, त्यांनी पुढे हौदा बांधून घेतानाही तळ खाली ठेवायला सांगितले.

नियमांनी आकार घडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना कमी अबकारी कर लागला आणि सगळ्या कंपन्यांनी गाड्या त्या मापात बसवल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा करातही छोट्या मोटारींना 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के असा भेद आहे. लांबीवर जर कर ठरू शकतो, तर नाकाच्या उंचीवर आणि वजनावरही ठरू शकतो. पॅरिसने ऑक्टोबर 2024 पासून बाहेरगावच्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट केले. शहराच्या मध्यभागी त्यांना तासाला 18 युरो पडतात. बिंदू चौकातल्या वाहनतळावर साडेतीन मीटरच्या आणि साडेपाच मीटरच्या गाडीला वेगळा दर लावण्यात गैर काही नाही, कारण दुसरी गाडी पहिलीच्या दीडपट जागा अडवते. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेले भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून पाहण्याच्या सुरक्षा चाचणीचे, तारे प्रवासी मोटारींसाठी आहेत. मालवाहू पिकअप त्या चाचणीच्या बाहेर राहतात. त्या आत आणल्या पाहिजेत, आणि पादचाऱ्याला बसणाऱ्या धडकेचे गुणही गिऱ्हाइकाला वेगळे दिसले पाहिजेत.

विजेच्या गाड्यांकडून मला आशा आहे, आणि भीतीही आहे. समोर इंजिनच नसेल तर उंच नाकाचे कारणही उरत नाही, तरीही अमेरिकेत चार टनांच्या पुढची विजेवरची हमर पिकअप निघाली. आपल्याकडे 2022 मध्ये आलेला विजेवरचा एस 600 किलो वाहतो. 2025 मध्ये टाटांनी एस प्रो आणला, त्याची भारक्षमता 750 किलो आहे, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या छोट्या हत्तीएवढीच. कोल्हापूरच्या पेठांमधला बहुतेक माल आजही एवढ्याच वजनाच्या खेपांनी फिरतो. अशा गाड्यांसाठी हलक्या पत्र्याचा, खाली तळाचा आणि तिन्ही बाजूंनी उघडणारा हौदा बांधण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. ज्यांना मापे हवी असतील त्यांनी उद्यमनगरात येऊन ती खुशाल उतरवून न्यावीत.