कंसातले आकडे

जुन्या लॅपटॉपवरचं काय काय नव्यावर न्यायचं, हे काम मी दुपारच्या जेवणानंतर काढलं तिथेच चुकलं. फोटो गेले, पीएफचे कागद गेले, आणि मग ब्राउझरमध्ये 'वाचायचं' नावाचं फोल्डर निघालं. आत 63 दुवे. सगळे ब्लॉग, 2007 ते 2011 या काळात जमवलेले. झोप गेली ती गेलीच.

स्वतःचं डोमेन विकत घेऊन थाटात बसलेले बहुतेक गायब होते. एकाच्या जागी आता ऑनलाइन रमीची जाहिरात आहे. ब्लॉगस्पॉटवर फुकटात राहणारे मात्र बरेचसे जागच्या जागी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात घड्याळ. आणि कडेला ते कंसातले आकडे, कुठल्या वर्षी किती नोंदी लिहिल्या ते सांगणारे: 2008 (41), 2009 (33), 2010 (9), 2011 (1). त्या शेवटच्या एकावर टिचकी मारल्यावर काय निघणार, हे त्या काळात ब्लॉग वाचलेल्या कुणालाही पाठ असेल. 'खूप दिवसांनी लिहितेय. आता मात्र नेमाने लिहायचं ठरवलंय.'

तेव्हा चांगला ब्लॉग सापडायचा तो दुसऱ्याच्या अंगणातून. 'मराठी ब्लॉग विश्व'वर नव्या नोंदींची यादी दिसायची, ती मी बघायचेही; पण खरा भरवसा ब्लॉगरोलवर. आपल्याला आवडणाऱ्या माणसाने कडेला 'मी वाचते ते' म्हणून सातआठ नावं लावलेली असायची, त्यातलं एक उघडायचं, तिथून पुढचं. शिवाय खो होता. एकाने आवडती कविता लिहायची आणि चारपाच जणांना खो द्यायचा. ते कधी उठायचे, कधी बसूनच राहायचे.

हे मला नवं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या पुस्तकांत मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी डकवलेली असे. तारीख आणि सभासद क्रमांक. चौथी-पाचवीत असताना माझ्या लक्षात आलं, की मला आवडलेलं प्रत्येक पुस्तक माझ्याआधी 212ने नेलेलं आहे. मग मी मुखपृष्ठं बघणंच सोडलं. थेट मागचं पान उघडायचं, 212 असेल तर न्यायचं. दोन वर्षं मी त्या आकड्याच्या मागे मागे चालले. 212 बाई की बुवा, कधी विचारलं नाही. ग्रंथपाल काकांनी सांगितलं असतं, आणि मग ते कुणीतरी बँकेतले चष्मेवाले निघाले असते, सगळी मजाच गेली असती.

त्याच वयात एक वाईट खोडही लागली. फार आवडलेलं पुस्तक परत करायचं, काकांनी ते कपाटात लावलं की हळूच काढून ज्ञानकोशाच्या खंडांमागे सरकवायचं. तिथे कुणाचा हात जात नसे. आपल्याला हवं तेव्हा आपलं पुस्तक तिथे असलं पाहिजे, एवढाच हिशेब. एकदा काका कुणाला तरी सांगताना ऐकलं, 'ते पुस्तक गहाळ झालंय, परवाच 212 विचारून गेले.' मी मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत राहिले. क्रीडा पान. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

तर ही खोड ब्लॉगांच्या वेळीही होतीच. 63मधला एक ब्लॉग मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितला नव्हता. टोपणनावाने लिहिणारी एक बाई, आसपास मराठी बोलणारं कुणी नाही अशा गावात राहणारी. सिलिंडरची वाट बघण्यावर, सासूबाईंच्या रेडिओवर, बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या पण कधीच न बोलणाऱ्या बाईवर लिहायची. दहाबारा ओळी, कधी तेवढ्याही नाहीत. ब्लॉगरोल रिकामा. प्रतिक्रिया कुठे एखादी, बहुतेक ठिकाणी शून्य. त्या शून्याचं मला तेव्हा बरंच वाटायचं. माझी एकटीची जागा! मी स्वतः कधी प्रतिक्रिया दिली नाही. त्या काळी एका मैत्रिणीला दुसराच एक लाडका ब्लॉग पाठवला होता, तर ती म्हणाली, 'बरा आहे, फॉन्ट बारीक आहे.' त्यानंतर तर मी तोंडच उघडलं नाही.

सगळ्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारं गूगल रीडर 1 जुलै 2013ला बंद झालं आणि माझं रोजचं वाचन विस्कटलं. कोण लिहितंय, कोण थांबलंय, पत्ता लागेना. खरं तर ती टोपणनावाची बाई त्याआधीच थांबली होती. मधे दोनेक वर्षांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची बसमधली बाई आली. शब्द न् शब्द तिचा, खाली नाव व. पु. काळ्यांचं. मावशीने तीन वेळा हात जोडले. मी 'हे वपुंचं नाही' असं लिहिलं, मग पुसलं. कुणाचं आहे म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते?

आज तिच्या ब्लॉगच्या तळापर्यंत गेले. तिथे एक मोजणी लावलेली आहे, ती तेव्हा कधी नजरेला पडली नव्हती. 'आपण 1,846वे वाचक.' पान पुन्हा उघडलं, 1,847. म्हणजे त्याच माणसाला ते यंत्र पुन्हा पुन्हा मोजतं. तीन वर्षं मी जवळजवळ रोज डोकावत होते, कधी दिवसातून दोनदा. हिशेब करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

बाहेर गॅसवाला शिट्टी वाजवत होता. मी बसच्या नोंदीखाली लिहिलं, 'ही मी कितीतरी वेळा वाचली आहे.' खाली नाव लिहिलं, खरं. बटण दाबलं तर उत्तर आलं, की ब्लॉगच्या मालकाने मंजुरी दिल्यावर तुमची प्रतिक्रिया दिसेल.