सरकीचं तेल, काडेपेटीचे टँकर : घरगुती पॅसिफिक खेळ, सहावी चाचणी

मागच्या वेळी लिहिलं होतं की पेरणीआधी नकाशा पुरा करतो. झाला एकदाचा, पण कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर. बियाण्याच्या चार खोक्यांचे पुठ्ठे जोडले, षट्कोन आखले आणि सखालिनपासून जावापर्यंतचा मुलूख त्यात बसवला. ऑस्ट्रेलिया पुठ्ठ्याच्या बाहेर गेला. जाऊ द्या.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जपान-अमेरिका लढाईचा हा पटावरचा खेळ, आणि सरकीचे दाणे म्हणजे तेलाच्या सोंगट्या. खेळ डिसेंबर १९४१ पासून सुरू होतो आणि एक चाल तीन महिन्यांची. एक सरकी म्हणजे १० लाख पिंपं (बॅरल) तेल. जपानला सुरुवातीला ४३ सरक्या मिळतात, कारण युद्धात उतरताना त्यांचा साठा साधारण ४ कोटी ३० लाख पिंपांचा होता. दर चालीला सात सरक्या जळतात. सातचा आकडा माझा आहे, खेळापुरता.

पाचव्या चाचणीपर्यंत खेळ तिसऱ्या चालीलाच मरायचा. भाचा दहावीत आहे, जपान नेहमी त्याच्याकडे. तो सरळ बोर्निओ आणि सुमात्रा घ्यायचा, सुमात्रातलं तेलाचं ठाणं पालेम्बांग हातात आलं की दर चालीला बारा सरक्या टोकियोत जमा. पुढे त्याला काही करायची गरजच उरत नसे, आणि अमेरिका चालवणारा मी जांभया देत बसायचो.

चूक नियमात होती. तेलाचं क्षेत्र जिंकलं म्हणजे तेल मिळालं, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडच्या माणसाला ही चूक शोभत नाही. आमचा कापूस वावरात पांढरा दिसला म्हणून पैसा झाला, असं कधी होतं का? यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे घातली ती त्यासाठीच, कापूस मुंबईच्या गाडीपर्यंत पोचावा म्हणून. आणि तिथून तो कुठं जायचा? बराचसा जपानला! आखूड धाग्याचा ‘उमरा’ कापूस, म्हणजे उमरावतीच्या नावाचा, जपानी गिरण्यांना लागायचा. १९३४ च्या करारात तर हिशेबच बांधला होता : जपाननं १५ लाख गाठी उचलल्या तर त्यांचं ४० कोटी वार कापड हिंदुस्थानात येऊ द्यायचं. तेल, भंगार लोखंड, रबर, कापूस, सगळं बाहेरून बोटीनं आणायचं आणि बोटीनंच माल विकायचा, असा तो देश.

म्हणून या वेळी काडेपेट्या आल्या. पाच काडेपेट्या म्हणजे पाच टँकर ताफे. एका पेटीत दोन सरक्या मावतात. जायला एक चाल, यायला एक चाल. वाटेत माझी पाणबुडी असेल तर फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले की पेटी सरक्यांसकट बाद. तेलक्षेत्रात बारा सरक्या निघतातच, पण पेटीत बसून टोकियोला पोचतील तेवढ्याच मोजायच्या.

खेळ एकदम बदलला. नवव्या चालीला पालेम्बांगच्या चौकात सरक्यांचा ढीग आणि टोकियोत मोजून सहा. भाचा ढिगाकडे पाहत म्हणाला, “मामा, तेल तं भेटलं. मंग मी काहून हारून राह्यलो?”

हाच तो क्षण. १९४३ मध्ये दक्षिणेकडच्या जिंकलेल्या क्षेत्रांतून जवळपास ५ कोटी पिंपं तेल निघालं, त्यातलं जपानला पोचलं सुमारे १ कोटी ४५ लाख. पुढच्या वर्षी ५० लाखांच्या आसपास, आणि १९४५ मध्ये काहीच नाही. बाकीचं तेल तिथल्या तिथे सैन्य आणि आरमार वापरत होतं, तेही खरं. म्हणून आता जहाजं दक्षिणेलाच ठेवली तर तिथल्या ढिगातून तेल घेता येतं, असा नियम घातलाय. मोबदल्यात घर उघडं पडतं.

त्याचा दुसरा प्रश्न आधीच आला होता : “तेल बोर्निओत हाय, तं हवाईले कायले जावाचं?” तेव्हा मी नकाशावर बोट ठेवून बोर्निओ ते जपान रेघ ओढून दाखवली. रेघ फिलिपीन्सच्या कुशीतून जाते आणि फिलिपीन्स अमेरिकेचं. ते मोकळं सोडलं तर तेलाच्या वाटेवर दुसऱ्याचा पहारा. ते घ्यायचं तर अमेरिकेशी युद्ध, आणि मग तिच्या आरमाराला हवाईतच गाठून वेळ काढायचा. तेलासाठी लढाई आणि लढाईसाठी तेल, असं हे गाडं पुढंच ढकललं जातं.

युद्धाआधीचा भाग अजून कच्चा आहे. जपान १९३१ ला मांचुरियात म्हणजे ईशान्य चीनमध्ये (कोळसा, लोखंड) घुसला, १९३७ ला उरलेल्या चीनमध्ये, सप्टेंबर १९४० मध्ये उत्तर इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामकडचा मुलूख), मग अमेरिकेनं भंगार लोखंड थांबवलं. जुलै १९४१ मध्ये दक्षिण इंडोचायना, त्यावर अमेरिकेनं आधी जपानचा पैसा गोठवला आणि १ ऑगस्टला तेल बंद. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतूनच येत होतं. इथे खेळाडूला ‘चीन सोडा, तेल मिळेल’ असा पर्याय दिला, तर भाच्यानं तीनही वेळा नाही म्हटलं. “येवढं घेतलं, आता वापस कायले देऊ?” गंमत म्हणजे मांचुरियाच्या पोटात तेल होतंच. दाछिंगचं क्षेत्र १९५९ मध्ये सापडलं, जपानी गेल्यावर चौदा वर्षांनी.

दोन पत्ते नवे केले. पहिला ‘ताइयो मारू’ : ८ मे १९४२ ला तेलक्षेत्र दुरुस्त करायला निघालेल्या तंत्रज्ञांचं जहाज पाणबुडीनं बुडवलं, म्हणून एक चाल उत्पादन निम्मं. दुसरा ‘ताइहो’ : १९ जून १९४४, जपानच्या या विमानवाहू जहाजाला एकच टॉर्पेडो लागला, पण इंधनाची वाफ आतल्या आत पसरत गेली आणि काही तासांनी स्फोट. हा पत्ता भाच्याला अजिबात पटलेला नाही.

एस्कॉर्टसाठी, म्हणजे टँकरांच्या राखणीला सोबत जहाजं द्यायला, तीन सरक्या खर्च करायची मुभा पहिल्या चालीपासून आहे. त्यानं एकदाही घेतली नाही, लढाऊ जहाजंच बांधली. टोकियोतल्या खऱ्या मंडळींनीही ताफ्यांच्या रक्षणाचं स्वतंत्र मुख्यालय नोव्हेंबर १९४३ मध्ये काढलं, तेव्हा त्याला तरी काय बोलायचं.

एक गोष्ट मात्र अडली आहे. जावातून वेठीला नेलेले मजूर, रोमुशा, सोंगटीत कसे आणायचे ते सुचत नाही. सरकीसारखे मोजावेत असं वाटत नाही आणि वगळले तर खेळ खोटा ठरतो. कुणी असा नियम केला असेल तर कळवा.

सहावी चाचणी अकराव्या चालीला थांबली. आम्ही जेवायला उठलो, तेवढ्यात आईनं पालेम्बांगचा ढीग उचलून म्हशीच्या सरकीत भिजत घातला. नवी सरकी जिनिंगवरून आणतो. पुढच्या वेळी तुरीचे दाणे वापरावेत असं भाच्याचं म्हणणं आहे, पण ते आईच्या नजरेत आणखी लवकर येतील.