मालकाचा रकाना, कुळाचा रकाना: वेल्सच्या जुन्या दस्तांमागची भटकंती

बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी श्रूझबरीनंतर वेल्समध्ये शिरते आणि पहिलंच स्टेशन येतं वेल्शपूल. इथे उतरणारे बरेच प्रवासी पोइस किल्ला बघायला जातात. टिपू सुलतानाच्या तंबूसकट हिंदुस्थानातून आणलेल्या कितीतरी वस्तू त्या किल्ल्यात आहेत. आम्ही उतरलो नाही, पण खिडकीतून हिरवे डोंगर दिसत असताना लेकीला मी त्या जमिनीचा वारसा सांगितला. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने, 1784 साली पोइसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं. तिचा भाऊ 1801 मध्ये निपुत्रिक वारला आणि जहागीर आली तिच्या मुलाकडे, म्हणजे क्लाइव्हच्या नातवाकडे. 1807 साली त्याने क्लाइव्ह हे आडनाव सोडून हर्बर्ट लावलं. हिंदुस्थानातला पैसा वेल्सच्या मातीत मुरला आणि वर मालकाचं नावही जुनंच राहिलं.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. फेरफार, पोटहिस्सा, कब्जेगहाण, चतुःसीमा हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. त्यामुळे लेकीने सुट्टी काढली आणि "आई, कुठे जायचं ते तू ठरव" म्हणाली, तेव्हा लंडन-एडिंबरा माझ्या मनातही आलं नाही. मला ॲबरिस्टविथला जायचं होतं. वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय तिथे आहे आणि खेडोपाड्यांतल्या जमिनींचे दस्त त्या ग्रंथालयात आहेत.

ॲबरिस्टविथ हे समुद्रकाठचं छोटं गाव. स्टेशनपासून चढ चढत गेलं की पेन्ग्लाइस टेकडीवर ग्रंथालयाची भव्य पांढुरकी इमारत उभी असते. संस्थेची सनद 1907 सालची. पायऱ्यांवर उभं राहिलं की खाली गावाची छपरं आणि पलीकडे कार्डिगनचा उपसागर दिसतो. वाचकाचं ओळखपत्र करून घेतलं. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. ही शिस्त मला फार आवडली, कारण बॉलपेनच्या खुणांनी बिघडलेली रजिस्टरं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

पहिली पेटी उघडली आणि हाताला चामडं लागलं. इथले जुने दस्त बहुतेक मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले असतात. मेंढीच्या कातड्यातल्या थरांमध्ये चरबी असते, त्यामुळे अक्षर खरवडून बदलायला गेलं की थर सुटतो आणि लबाडी लगेच दिसते. दस्ताची वरची कड लाटेसारखी कापलेली. एकाच कातड्यावर दोन प्रती लिहायच्या, मधून वाकडीतिकडी कापायच्या आणि दोन पक्षांनी एकेक घ्यायची. पुढे वाद झालाच तर कडा जुळवून बघायच्या. नोंदणी कार्यालय नसलेल्या काळात माणसांनी खोटेपणावर काढलेला हा उपाय मी पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपून पाहिला.

मग लागले जोडदस्त. पहिल्या दिवशी एका वर्षाचा भाडेपट्टा, खंड म्हणून मिरीचा एक दाणा. दुसऱ्या दिवशी त्याच भाडेकरूला मालकाने उरलेला सगळा हक्क सोडून दिल्याचा दस्त. दोन कातडी, लागोपाठच्या दोन तारखा, आणि जमीन विकली गेली. सरळ खरेदीखत का नाही? कारण 1536 च्या कायद्यानुसार थेट विक्रीची नोंद करावी लागे आणि सगळ्या गावाला व्यवहार कळे. ते टाळायला वकिलांनी काढलेली ही वाट पुढे जवळजवळ दोन शतकं रुळलेली होती. 1840 च्या दशकातल्या कायद्यांनी ती अनावश्यक केली.

पण माझं मन गुंतलं ते तीन जिवांच्या पट्ट्यांत. पश्चिम वेल्समध्ये अठराव्या शतकात शेतं अशी दिली जात: पट्ट्यात तीन माणसांची नावं लिहायची आणि त्यांतलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत पट्टा चालू. कूळ बहुधा स्वतःचं, बायकोचं आणि एखाद्या लहान लेकराचं नाव घाली. लेकरू जगलं तर साठ वर्षांची निश्चिंती, गोवराने गेलं तर घरावरचं छप्पर हललं. नाव लिहिलेला एखादा जीव गेला की मालकाला गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर द्यायचं, अशीही अट असे. शिवाय नाताळाला कोंबड्या, सुगीला मालकाच्या शेतावर वेठ, दळण मालकाच्याच गिरणीत, आणि काही पट्ट्यांत मालकाचा शिकारी कुत्रा सांभाळायचा. खाली मालकाची झोकदार सही आणि कुळाच्या नावापुढे फुली. दस्त इंग्रजीत, फुली करणाऱ्याला बहुधा फक्त वेल्श येत असे. काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलं असेल, किती खरं सांगितलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ त्या फुलीकडे पाहत बसले.

त्याआधीची व्यवस्था अगदी निराळी होती. दहाव्या शतकातला राजा हवेल धा याच्या नावाने चालत आलेल्या कायद्यात जमीन भावकीची. बाप गेला की सगळ्या मुलांना सारखा वाटा, आणि बापाने स्वीकारलेला असेल तर लग्नाबाहेरच्या मुलालाही. धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्याने आधी निवडायचं, म्हणजे पाडणारा आपसूक सारखे पाडतो. जमीन कायमची विकता येत नसे. अडलेला माणूस ती चार वर्षांसाठी 'प्रीद' ठेवी, म्हणजे आपलं कब्जेगहाणच, आणि रक्कम फिटली नाही की पुन्हा चार वर्षं, पुन्हा चार. या गहाणखतांच्या आडून काही घराण्यांनी पंधराव्या शतकात गावंच्या गावं गोळा केली. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने वेल्सला इंग्रजी कायदा लावला तेव्हा समान वाटपाचा रिवाज गेला आणि थोरल्या मुलाला सगळी मिळकत हा नियम आला. वाटप थांबलं, म्हणून मोठ्या जहागिरी टिकल्या आणि फुगल्या. वाटण्यांनी शेताच्या चिंध्या होताना मी पाहिल्या आहेत, तरी भाऊ भूमिहीन करून एकाला सगळं देणं मला न्यायाचं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी टाइथचे नकाशे मागवले. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची प्रथा जुनी. 1836 च्या कायद्याने ती धान्याऐवजी रोख रकमेत आली आणि रक्कम गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधली गेली. त्यासाठी पॅरिश-पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाची, मोजणी झाली. त्याच सुमाराला आपल्याकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी चालू होती, हे लेकीला सांगताना माझा आवाज त्या शांत दालनात जरा चढलाच. नकाशांच्या तीन प्रती होत, त्यांपैकी बिशपच्या कार्यालयांकडच्या प्रती आता इथे आहेत.

नकाशा उलगडला की टेबल भरून जातं. प्रत्येक शेताला क्रमांक, आणि सोबतच्या यादीत रकाने: मालक, वहिवाटदार, क्रमांक, शेताचं नाव, लागवड, क्षेत्र, आकार. सातबाराच जणू. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चाळीस पर्चचा रूड, चार रूडांचा एकर. आमचा गुंठाही एकराचा चाळिसावा भाग, त्यामुळे हिशेब पटकन हाताला लागला.

मी लानावान पॅरिश मागवली होती, कारण लिझबर्न या बड्या जमीनदार घराण्याचा त्राउसगोइदचा वाडा त्याच पॅरिशमधला. डाव्या रकान्यात अर्ल ऑफ लिझबर्न, खाली पुन्हा तोच, पान उलटलं तरी तोच. शेजारच्या रकान्यात मात्र माणसं बदलत जातात: जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, मॉर्गन. एकाच नावाची इतकी माणसं की कोण कुठला हे शेताच्या नावावरूनच कळावं. नांगर धरणारा, दगडी बांध रचणारा, ओली गवतं कापणारा हा दुसरा रकाना. मालकी शोधायला आलेली मी दुपारपासून फक्त त्याच रकान्यावर बोट फिरवत होते.

लिझबर्न घराण्याकडे एवढी जमीन आली कुठून, त्याचा फेरफार पाहायचा तर स्ट्राटा फ्लोरिडाला जावं. लेकीने भाड्याने गाडी घेतली. त्रेगारॉनच्या अलीकडे, अरुंद दरीच्या तोंडाशी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाचे अवशेष आहेत. 1164 साली स्थापना. आज पश्चिमेची दगडी कमान तेवढी पूर्ण उभी आहे, आत जमिनीवर मध्ययुगीन नक्षीच्या फरश्या. वर घारी फिरत होत्या. 1184 साली ऱ्हिस अप ग्रिफिध या राजाने मठाला दिलेल्या सनदेत गावं, शेतं आणि कुरणं नावानिशी लिहिलेली आहेत. मठाने मेंढ्या पाळल्या, लोकर विकली. 1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि जमीन राजाकडे गेली. पुढे ती एसेक्सच्या अर्लांकडे आली. 1630 साली मठाची बरीचशी शेतं विकत घेतली त्राउसगोइदच्या जॉन व्हॉन याने. हा कायदेपंडित, पुढे इंग्लंडचा मोठा न्यायाधीश झाला आणि ज्युरीतल्या पंचांना त्यांच्या निकालासाठी शिक्षा करता येत नाही, हा 1670 चा प्रसिद्ध निवाडा त्याचाच. त्याचे वंशज लिझबर्नचे अर्ल. 1873 च्या सरकारी मोजदादीत त्यांच्या नावावर 42 हजार एकरांहून जास्त जमीन होती.

सनद, जप्ती, खरेदी, वारसा: साडेसहाशे वर्षांहून जास्त काळाची साखळी आणि एकही कडी तुटलेली नाही. तरी या साखळीत शेत कसणाऱ्याचं नाव एकदाही येत नाही.

तिथून आम्ही पश्चिमेला मनिध बाख या डोंगराकडे गेलो. त्रेव्हेंटर वस्तीच्या पुढे आइध्वेन तळं आहे, एअरॉन नदीचा उगम. वारा एवढा की गाडीचं दार धरून उघडावं लागलं. हा डोंगर सामायिक, आपल्या गायरानासारखा. आजूबाजूची गरीब माणसं इथे मेंढ्या चारत, थंडीच्या चुलीसाठी दलदलीतलं पीट, म्हणजे वाळवून जाळायची कुजलेल्या वनस्पतींची ढेकळं, कापून नेत. लोकांची एक समजूत होती: सूर्यास्तानंतर घर बांधायला घ्यायचं आणि उजाडताना धुराड्यातून धूर निघाला पाहिजे, मग घर तुमचं. दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची, ती पडेल तिथवर जमीनही तुमची. अशा घरांना 'टी इन्नॉस' म्हणत, एका रात्रीचं घर. शेजारीपाजारी आधीच ढेकळं कापून ठेवत आणि रात्रभर सगळे मिळून भिंती रचत. कायद्यात याला कसलाही आधार नव्हता.

1820 च्या सुमारास लिंकनशायरच्या ऑगस्टस ब्रॅकनबरी या तरुणाने इथली साडेआठशे एकरांच्या आसपास जमीन राजसत्तेकडून विकत घेतली. त्याचा दस्त पक्का होता. लोकांचं पीट मात्र बंद झालं. त्याने घर बांधलं, ते लोकांनी पाडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा हल्ला. तोंडाला काळं फासून, बायकांचे कपडे घालून पुरुष येत. पुढे 1839 पासून रिबेकाच्या नावाने टोलनाके फोडणाऱ्यांनी घेतला तोच हा वेष. शेवटी त्याने खंदक असलेलं गढीसारखं घर उभारलं, तेही 1826 मध्ये शेकडोंच्या जमावाने पाडलं, आणि काही वर्षांत तो जमीन विकून निघून गेला. लोक याला छोट्या इंग्रजाचं युद्ध म्हणतात. ब्रॅकनबरीने कायदा मोडला नव्हता, हे खरं. पण ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली त्याचा हक्क कुठल्याच कागदावर नाही म्हणून तो नाहीच, असं मानणाऱ्या व्यवस्थेची बाजू मला घेता येत नाही. वहिवाट हाही पुरावा असतो, हे मी नोकरीत शिकले.

कुळांना पुढेही सोसावं लागलं. 1868 च्या निवडणुकीत जमीनदारांच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिल्याबद्दल कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमध्ये कुळांना शेतांवरून काढलं. तेव्हा मतदान उघड होतं. त्या हकिकती संसदेपर्यंत पोचल्या, आणि 1872 मध्ये गुप्त मतदान आलं.

मग रकाने बदलले कधी? आपल्याकडे 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला. वेल्समध्ये तसा कायदा झाला नाही. तिथे जमीनदारांनी स्वतःच विकायला काढलं. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरुवात झाली आणि युद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत लिलावांची रांग लागली. कर वाढलेले, वारस लढाईत गेलेले. लिलावाच्या पुस्तिकाही ग्रंथालयात आहेत: नकाशा, फोटो, क्रमांकवार शेतं. बापजाद्यांनी कसलेलं शेत कुळाने कर्ज काढून चढ्या भावाने घेतलं आणि लगेच शेतमालाचे भाव कोसळले, असं अनेक घरांत झालं. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम दहा टक्के जमीन कसणाऱ्याच्या मालकीची होती, ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत एक तृतीयांशाच्या वर गेली. त्राउसगोइदचा वाडाही 1940 च्या दशकात शेती खात्याकडे गेला.

1925 च्या कायद्याने मालकी सिद्ध करायला तीस वर्षांचे दस्त पुरेसे झाले, तेव्हा वकिलांच्या कपाटांतली जुनी कातडी रद्दीत निघाली. कित्येकांच्या दिव्यांवरच्या शेड झाल्या. जे वाचले ते अशा ग्रंथालयांत आले.

घरबसल्या बघायचं असेल तर ग्रंथालयाच्या 'वेल्समधली ठिकाणं' या संकेतस्थळावर टाइथचे नकाशे विनामूल्य उघडतात. गावाचं नाव टाका, शेतावर टिचकी मारा, मालक आणि वहिवाटदार दोघंही दिसतात. दस्त प्रत्यक्ष पाहायचे असतील तर मूळ कागद आधी मागवून ठेवा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या, आणि मनिध बाखला जायचं झाल्यास गाडी लागेल. वाऱ्यासाठी कानटोपी विसरू नका.