बाबांच्या खांद्यावरचं जेल

"डॉक्टर, याला तिथे केस आलेत," आई अगदी हळू म्हणाली. मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा. आजींना मात्र नातू चांगला थोराड दिसतोय याचाच आनंद होता.

तपासलं. केस मोजकेच, पण काळे आणि जाडसर. शिश्न वयाच्या मानानं मोठं. अंडकोष मोजायला आमच्याकडे लाकडी मण्यांची माळ असते, त्यातल्या दुसऱ्या मण्याएवढे, म्हणजे 2 मिलिलिटर. त्या मण्यानंच माझी झोप उडवली. वयात येण्याचा हुकूम मेंदूकडून सुटला असता, तर अंडकोष आधी वाढले असते. ते लहानच होते, म्हणजे पुरुषी हार्मोन दुसरीकडून येत होतं. किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष, नाहीतर गाठ. एवढ्याशा पोराला गाठ असेल तर आईला कसं सांगायचं, हेच मनात घोळत होतं.

रिपोर्ट आले. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, 190, या वयात ते 20 च्याही आत असतं. वयात येण्याचा हुकूम मेंदूकडून घेऊन येणारं एलएच हार्मोन जवळजवळ नाहीच. ॲड्रिनलचा जन्मजात दोष असला तर वाढणारं 17-ओएचपी नॉर्मल, सोनोग्राफीत गाठ नाही. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय मात्र चार वर्षांचं.

मग हार्मोन येतंय कुठून? बाळाला काय देता, कुठलं तेल लावता, कुणाचा काढा, सगळं विचारून झालं होतं. पुढच्या खेपेला वडील आले. बोलता बोलता पोरगं त्यांच्या खांद्यावर झोपलं, गाल मानेला चिकटलेला, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी. मी बघतच राहिले.

"तुम्ही स्वतः अंगाला काही औषध लावता का?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "जेल लावतो. टेस्टोस्टेरॉन कमी निघालं होतं. रोज सकाळी, दोन्ही खांद्यांना." आठ महिने झाले होते. मुलाला जपा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेच्या एफडीएनं नेमक्या याच कारणासाठी 2009 मध्ये अशा जेलवर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला होता. जेल कातडीवर राहतं, अंगाला अंग लागलं की मुलाच्या कातडीतून आत जातं. मुलाच्या रक्तात हे हार्मोन मुळात नसल्यातच जमा, म्हणून बापाच्या खांद्यावरचा उरलासुरला अंशही त्याला भारी पडतो.

शिकताना डीईएसबद्दल वाचलं होतं. गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना दिलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनीचा दुर्मीळ कॅन्सर झालेल्या 8 तरुण मुलींची माहिती छापली, त्यातल्या 7 जणींच्या आयांनी ते घेतलेलं होतं. आजार मुलींना, उत्तर आयांच्या गरोदरपणात. हे पाठ असूनही मी पहिल्या दिवशी फक्त बाळाबद्दल विचारलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वडिलांच्या डॉक्टरांशी बोलून जेल बंद केलं, इंजेक्शन सुरू झालं. घरातले टॉवेल, चादरी, सदरे धुऊन काढायला सांगितले. तीन महिन्यांनी मुलाचं टेस्टोस्टेरॉन 20 च्या खाली आलं. केस विरळ व्हायला लागले. हाडांचं पुढे गेलेलं वय मात्र मागे येत नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या लवकर बंद झाल्या तर आज उंच दिसणारं मूल पुढे बुटकं राहू शकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची मोजायची, वर्षातून एकदा हाताचा एक्स-रे.

त्या दिवशी निघताना मुलानं वडिलांकडे हात पसरले. जेल सुटून तीन महिने झाले होते, तरी ते जागचे हलेनात. "घेऊ का?" त्यांनी मला विचारलं.

"घ्या," मी म्हटलं.