गड यादीत आले, आता डोंगराचं काय

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्या रात्री आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर कुणी झोपलंच नसावं, फोटो काय, स्टेटस काय, सगळ्यांना भरून आलेलं. मलाही आलं होतं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तिकडे तमिळनाडूतला जिंजी, ही नावं एका दमात जगासमोर वाचली जावीत ही साधी गोष्ट नाहीये.

पण तेव्हापासून जे कानावर येतंय त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. अर्ध्या लोकांना वाटतंय आता युनेस्को पैसे पाठवणार आणि गड चकाचक होणार, उरलेल्यांना वाटतंय युनेस्को गडच ताब्यात घेणार. दोन्ही नाही. ही सगळी व्यवस्था १९७२ च्या जागतिक वारसा करारावर चालते, भारत त्यात १९७७ पासून आहे, आणि त्या करारात स्पष्ट आहे की जागा ज्या देशाची त्याच देशाची राहते, जपायची जबाबदारीही पहिल्यांदा त्याचीच. युनेस्कोकडे फंड आहे पण तो जगभरासाठी आणि अगदी तुटपुंजा, त्यातही जी स्थळं धोक्यात आहेत त्यांना आधी. म्हणजे राजगडाचा ढासळलेला तट सावरायचा तर पैसा आपलाच, माणसंही आपलीच. बारापैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, यादीत आल्याने यात काही बदललेलं नाही.

मग मिळालं काय? माझ्या मते एक फार मोठी गोष्ट मिळालीय आणि तिच्यावर कुणी बोलतच नाहीये. हे बारा गड सुटे सुटे घेतलेले नाहीत. सह्याद्रीतला डोंगरी किल्ला, समुद्रातला जलदुर्ग, पठारावरचा पन्हाळा, पार तिकडची जिंजी, हे सगळं मिळून एक संरक्षणाची साखळी होती आणि त्या साखळीने जमिनीचा, कड्यांचा, पाण्याचा कसा वापर केला, त्यासाठी हे नामांकन आहे. आता राजगडाची संजीवनी माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालची लांब सोंड, आठवा. दुहेरी तटबंदी, दोन भिंतींच्या मधे माणूस जाईल एवढी बोळ, बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी राहावी म्हणून केलेली रचना, आणि हे सगळं डोंगराच्या धारेला धरून असं वळत गेलंय की बांधकाम कुठे संपलं आणि कडा कुठे सुरू झाला हे पटकन सांगता येत नाही. तिथे डोंगराला तटापासून वेगळं कसं काढणार? म्हणजे जपायचाय तो अख्खा डोंगर, त्याचा उतार, जंगल, घेरा म्हणजे पायथ्याभोवतीचा मुलूख, खालून दिसणारं त्याचं रूप. एकाही जुन्या दगडाला हात न लावता डोंगराच्या पोटात जेसीबी घालून रस्ता काढला किंवा ऐन धारेवर रिसॉर्ट बांधलं तरी वारसा खराब होतो.

हे माझं मन म्हणतंय म्हणून नाही, असं झालेलं आहे. जर्मनीतलं ड्रेस्डेन, एल्ब नदीचं खोरं, २००४ ला यादीत आलं. शहराला ट्रॅफिकसाठी नदीवर चार लेनचा पूल हवा होता, लोकांनी मतदान करून हवा म्हणून सांगितलं, युनेस्को नको म्हणत राहिली, पुलाचं काम चालूच राहिलं आणि २००९ ला ड्रेस्डेनचं नाव यादीतून काढलं. कुठला राजवाडा पाडला नव्हता, नदीकाठचा देखावा तोडला एवढंच. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं तेच, बंदराच्या कडेला नवी मोठी बांधकामं झाली आणि २०२१ ला नाव गेलं.

इतकं लांब कशाला, आपलं हंपी घ्या, आपल्याकडच्या कित्येकांनी पाहिलेलं असतं. १९९९ ला हंपी युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं ते तुंगभद्रेवर बांधायला घेतलेल्या झुलत्या पुलांमुळे. त्यातून बाहेर यायला २००६ उजाडलं. आणि त्यातला, नदीपलीकडच्या आनेगुंदी गावाकडचा पूल पुढे २००९ ला काम चालू असतानाच कोसळला, माणसं गेली त्यात.

म्हणून रोपवे, थेट माथ्याजवळ गाडीरस्ता, पायथ्याला भलं मोठं पार्किंग अशा घोषणा ऐकल्या की माझ्या पोटात गोळा येतो. म्हाताऱ्या माणसांनी रायगड पाहू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, तिथला रोपवे जुनाच आहे आणि माझी आजी त्यामुळेच समाधीपर्यंत पोचली. पण आता नियम असा आहे की अशी मोठी कामं ठरवण्याआधी, निर्णय मागे घेता येण्यासारखा असतानाच, देशाने युनेस्कोच्या वारसा समितीला कळवायचं. आणि दर सहा वर्षांच्या फेरीत स्थितीचा अहवालही द्यायचा. गडाचं काय केलंत हे कुणीतरी विचारणार, हीच ती मोठी गोष्ट.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. गडाच्या घेऱ्यात माणसं राहतात. पन्हाळ्यावर तर अख्खं गाव आहे, नगरपरिषद आहे, शाळा, बाजार सगळं. तिथल्या लोकांना भीती वाटली तर त्यात चूक काय? फक्त एक नीट सांगायला हवं की केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, हा आपलाच केंद्राचा कायदा आहे, १९५८ चा, त्यात २०१० ला दुरुस्ती झालेली, तो यादीच्या आधीपासून आहे. युनेस्कोचं नाव सांगून लोकांना घाबरवायचं आणि परत पायथ्याला बाहेरच्या पैसेवाल्यांचे बंगले होऊ द्यायचे, हे चालायला नको. राजगडाच्या पायथ्याला जिच्याकडे आम्ही पिठलं-भाकरी खातो ती मावशी मागच्या पावसाळ्यात विचारत होती, "दादा, ते बाहेरचं लोक येनार म्हंत्यात, मग आमचं छप्पर ऱ्हातंय का जातंय?" मी म्हटलं मावशी, असं कुणी येऊन काढणार नाही, पण खरं सांगायचं तर तिला हे माझ्याकडून कळायची वेळच यायला नको होती. तिच्या ग्रामपंचायतीत मराठीत छापलेला नकाशा लागलेला हवा, गाभ्याची, म्हणजे खुद्द वारसा जागेची, हद्द इथपर्यंत, भोवतालचा पट्टा इथपर्यंत, यात काय करता येतं, काय नाही, आणि तक्रार कुणाकडे करायची.

अजून एक, डागडुजीचं. जुन्या बांधकामात चुना आहे. बऱ्याच गडांवर चुन्याची घाणी अजून दिसते, गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं जातं, बैल लावून चुना मळायचे. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो, तटाला श्वास घेऊ देतो. सिमेंट तसं नाही, सांध्यात सिमेंट भरलं की पाणी आत अडकतं आणि मग दगडच पापुद्रे सोडायला लागतो. तेच झाडाचं, तटात उगवलेला पिंपळ वरून छाटला की पुढच्या पावसात तो डबल जोमाने येतो, मूळ आत दगड फाकवत राहतं, ते मुळापासून मारायचं काम जाणकाराचं आहे. दुर्गसंवर्धन करणारी पोरं रविवारी टाक्यांमधला गाळ काढतात, प्लास्टिक गोळा करतात, त्यांना माझा मनापासून नमस्कार, पण तटाच्या दगडाला हात लावायचा तर खात्याला विचारूनच. आणि खात्याने चुन्यात काम येणारे गवंडी शोधावेत, नवे तयार करावेत, पायथ्याच्या गावातली पोरं त्यात घ्यावीत, म्हणजे गडाचं काम आणि गावाची रोजीरोटी एकत्र चालेल.

सिंहगड, तोरणा, पुरंदर या यादीत नाहीत. त्यांच्याबद्दल पॅरिसहून कुणी विचारणार नाही, तिथे आपल्यालाच विचारत राहावं लागणार, माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, सुरुवात तिथून करूया.