लाल झाकण

मी स्टाफ नर्स आहे, पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात, मेडिकल वॉर्डला. ही गोष्ट 2022 च्या नोव्हेंबरमधली. माझी नाईट होती आणि 22 पेशंटना आम्ही दोघीच.

9 नंबरला एक आजोबा होते, वय 74, न्यूमोनिया, किडनी जरा वीक, गळ्यात तुळशीची माळ. रात्री साडेनऊला त्यांना ग्लार्जिन, म्हणजे हळूहळू दिवसभर चालणारं इन्सुलिन, द्यायचं होतं, 20 युनिट. आता हे नीट सांगते कारण सगळं यावरच आहे. वॉर्डातलं नेहमीचं इन्सुलिन 40 चं असतं, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट, त्याची सिरिंज लाल झाकणाची. ग्लार्जिनची व्हायल (बाटली) 100 ची, तिला केशरी झाकणाची सिरिंज लागते. मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, नवीन मुलींना मीच शिकवते हे. पण त्या दिवशी ट्रेमध्ये लालच होत्या, 14 नंबरला उलटी झाली म्हणून तिकडून हाका चालू, आणि मी लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं आणि देऊन मोकळी झाले. लाल सिरिंजमध्ये 20 ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि 100 च्या व्हायलमधला अर्धा एमएल म्हणजे 50 युनिट.

कळलं पावणेअकराला, चार्ट लिहायला बसले तेव्हा. ट्रेमध्ये लाल झाकण पडलेलं, शेजारी व्हायल, तिच्यावर 100 छापलेलं. पोटात गोळाच आला. पळत जाऊन शुगर बघितली, 168. आजोबा झोपलेले.

आणि मग जो विचार आला तो इथे लिहायला लाज वाटते पण लिहिते. ग्लार्जिन हळू चालतं, कुणाला काही कळलेलं नाही, मी दर तासाला शुगर बघेन, लागलं तर साखरपाणी पाजेन, सकाळपर्यंत निभावून जाईल. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला रिन्यू व्हायचं होतं, यांची कंपनी दिवाळीआधीच बंद पडलेली, हप्ते, मुलीची फी, सगळं माझ्या एकटीच्या पगारावर.

ड्रेसिंग रूममध्ये गेले, दार लोटलं आणि प्रार्थना केली. प्रभू, आजोबांची शुगर पडू देऊ नकोस आणि कुणाला कळू देऊ नकोस. असं एका दमात म्हणून गेले आणि दुसरं वाक्य माझ्याच कानाला टोचलं. म्हणजे मी प्रभूलाच माझ्याबरोबर लपवायला सांगत होते. पुढे शब्दच फुटेना. मग गेथशेमाने बाग आठवली, येशूला पकडलं त्या रात्रीची प्रार्थना, लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकलेलं. येशूनेही आधी हा दुःखाचा प्याला टळू दे असंच मागितलं होतं, भीती त्यालाही वाटली, पण तिथेच थांबला नाही. "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." मी तेवढंच म्हटलं. मनाला शांती वगैरे काही मिळाली नाही, हात तसेच थरथरत होते, पण फोन कुणाला लावायचा ते कळलं.

माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती, मिशनरी डॉक्टर वान्लेस साहेबांनी 1894 ला सुरू केलेलं ते. ती सांगायची, ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि आमेन म्हटलं की लगेच सगळ्यांचे हात कामाला. ते आमेन नंतरचं मला त्या रात्री कळलं.

डॉक्टरांना फोन लावला. "सर, 9 नंबरला माझ्याकडून 20 च्या जागी 50 युनिट ग्लार्जिन गेलंय." डॉक्टर दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, "आत्ता शुगर किती?" नंतर सगळं भराभर झालं, 10 टक्के डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) ड्रिप, दर तासाला शुगर, पोटॅशियम तपासायला रक्त पाठवलं, नाईट सुपरवायझर मॅडम वर आल्या. दोनला शुगर 71 पर्यंत उतरली, आजोबांच्या कपाळावर गार घाम. 25 टक्के डेक्स्ट्रोज दिलं तेव्हा वर आली. दर तासाला बोट टोचत होते तर आजोबा म्हणाले, "पोरी, ते करंगळीचं राहिलंय बघ, तेही घे." मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी मुलगा आला. मी मॅडमना म्हटलं, डॉक्टरांबरोबर मलाही बोलू द्या. तो चिडला, आवाज चढला, "तुमच्या भरवशावर सोडून गेलो होतो ना आम्ही." बरोबरच होतं त्याचं, मी काय बोलणार.

आणि जे अजूनही मला झोपेतून उठवतं ते म्हणजे, दुपारी साडेअकराला ड्रिप चालू असतानाही शुगर परत 68 झाली. ग्लार्जिन चोवीस तास चालतं, त्यात किडनी वीक. मी गप्प बसले असते तर सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन घरी जाऊन झोपले असते, आणि डे ड्युटीच्या मुलींना काही पत्ताच नसता. ड्रिप दुसऱ्या रात्रीपर्यंत ठेवावी लागली. चौथ्या दिवशी आजोबा चालत घरी गेले.

मला मेमो मिळाला, इन्चार्जच्या लिस्टमधून नाव गेलं, कॉन्ट्रॅक्ट वर्षाच्या ऐवजी सहाच महिन्यांचं झालं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, रविवारी मंडळीत साक्ष द्या, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा. मी नाही दिली. लोकांना शेवटी देवाने नोकरी वाचवली असं ऐकायचं असतं आणि मला ते तसं सांगायचं नव्हतं, कारण ड्रेसिंग रूमचं दार उघडलं तेव्हा नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

आता आमच्या वॉर्डात 100 च्या व्हायल वेगळ्या डब्यात असतात, केशरी सिरिंज त्याच डब्यात. तरी मी भरल्यावर सिरिंज उजेडात धरते आणि जी कुणी ड्युटीला असेल तिला हाक मारते, "ये गं जरा, वाच किती आहे, मोठ्याने वाच."